जिभेची तालीम

जिभेखालचा पडदा आखूड असला की जीभ बाहेर काढताना टोकाला मधोमध खाच पडते. माझ्या भाचीचं तसंच होतं. तिच्याबरोबर स्पीच थेरपीला जाऊन बसले, तेव्हा कळलं की खरी अडचण जीभ वर नेण्याची आहे. ल, र, ळ म्हणताना टोक वर उचलावं लागतं. तिची जीभ तिथवर पोचत नसे, मग खालचा जबडाच जिभेला घेऊन वर यायचा.

पडदा कापण्याच्या शस्त्रक्रियेआधीचे व्यायाम ही सवय मोडण्यासाठी होते. समोर आरसा, हनुवटीवर थेरपिस्ट ताईंचं बोट. "जबडा झोपलाय. फक्त जीभ उठव." टोक वरच्या दातांमागच्या उंचवट्याकडे, मग ओठांच्या एकेका कोपऱ्याला. पोचेल तेवढंच, ओढाताण नाही. हालचाल आधीच ओळखीची असली, की जखम दुखत असताना ती नव्याने शिकवावी लागत नाही.

शस्त्रक्रियेनंतर जिभेखाली पिवळट पांढरा थर दिसला आणि वहिनी घाबरली. तो पू नव्हता. भरत्या जखमेवर असा थर येतोच. रक्त थांबेना किंवा ताप आला, तर मात्र डॉक्टरांना गाठायचं. जखम भरताना आकसते आणि जिभेला पुन्हा खाली ओढू शकते. म्हणून सर्जननी परवानगी देताच व्यायाम सुरू झाले. अख्खी जीभ टाळूला चिकटवायची, तोंड उघडायचं आणि 'टॉक्' करून सोडायची.

जीभ मोकळी झाली तरी जबडा जुन्या सवयीने वर यायचाच. हनुवटीवर पुन्हा बोट आलं. आधी नुसता ल, मग ला-ली-लू, मग लाडू, मग वाक्य. ळ सगळ्यात शेवटी.

तान्ह्या बाळाचं वेगळं असतं. तिथे प्रश्न स्तनपानाचा. 2017च्या कॉक्रेन आढाव्यात पाच चाचण्यांमधली 302 बाळं होती. पडदा कापल्यावर आईच्या वेदना काही काळ कमी झाल्या. बाळाचं पिणं सुधारल्याचं मात्र सगळीकडे दिसलं नाही. म्हणून आधी स्तनपान समुपदेशकाची मदत घ्यावी. बाळाची जखम बोटाने ताणल्याने फायदा होतो, हेही सिद्ध झालेलं नाही.

मूल उशिरा बोलतंय म्हणून थेट पडदा कापायला नेऊ नये. आधी श्रवणचाचणी करावी. आणि शस्त्रक्रिया ठरलीच, तर तारीख घेतानाच विचारावं : व्यायाम कोण शिकवणार?