श्रीखंडातील साखरेचा हिशेब

पंगतीत श्रीखंड वाढावयास येताच मधुमेही ज्येष्ठ ताटावर आडवा हात धरतात. सून आग्रह करते, मुलगा डोळे वटारतो. चक्का घरी बांधणाऱ्या कुटुंबात हा अवघड प्रसंग टाळता येतो.

श्रीखंडात चक्क्याइतकी साखर घालण्याचा प्रघात आहे. पाव किलो चक्क्याचे पाच वाटे केले, तर प्रत्येकाच्या वाट्याला ५० ग्रॅम साखर येते. एकूण ४० ग्रॅमच घातली, तर ती अवघी ८ ग्रॅम होते. एवढ्यावर गोडी यावी यासाठी दही ताजे व अधमुरे हवे. आंबट दही साखर मागतेच. सहा-सात तास टांगल्यावर निथळणाऱ्या पाण्याबरोबर दुधातील काही साखरही जाते. उरलेले काम केशर, वेलची व चिमूटभर जायफळ करते.

साखरेऐवजी अंजीर वा मध सुचवणारे अनेक भेटतात. आपल्याकडे अंजीर बहुबीज म्हणून टाळतात, मध तर वर्ज्यच. शिवाय दोन्हींनी रक्तातील साखर वाढतेच. गुळाचेही तेच, रंग बदलला म्हणून खाते बदलत नाही!

श्रीखंडाला टिकाऊपणा साखरेमुळे येतो. म्हणून हे श्रीखंड बेताचेच करावे व सूर्यास्तापूर्वी संपवावे. द्विदलाचा दोष नको म्हणून सोबत डाळीचा पदार्थ ठेवू नये. पुरीऐवजी एक फुलका घ्यावा. साखर कमी घातली म्हणून गोळी वा इन्सुलिन मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून कमी करू नये.