स्टिअरिंगची थरथर : कारणे आणि उपाय

साखळीच्या बाजारातून ताशी तीस-चाळीस किलोमीटरने निमूटपणे चाललेली मोटार मोकळ्या रस्त्यावर ८० च्या वेगास पोहोचताच तिचे स्टिअरिंग चालकाच्या हातात थरथरू लागते. वेग उतरविला की ते पुन्हा शांत होते. पावसाळ्यात हा अनुभव अनेक वाहनधारकांना येतो आणि बहुधा त्याचे खापर रस्त्यावर फोडले जाते. परंतु गुळगुळीत डांबरी रस्त्यावरही ठराविक वेगालाच थरथर येत असेल, तर दोष रस्त्याचा नसून गाडीचा आहे असे समजावे.

ती नेमकी केव्हा येते, हे ध्यानात ठेवले तर निम्मे निदान तेथेच होते. विशिष्ट वेगाला येणारी थरथर बहुतांशी चाकाचा तोल बिघडल्याची खूण असते. रिमच्या एका बाजूस अवघे ३० ग्रॅम वजन अधिक झाले, तरी ८० च्या वेगाला लहान मोटारीचे चाक सेकंदास बारा-तेरा फेरे घेत असता त्या वजनाचा ओढा सुमारे साडेतीन किलो भाराइतका होतो. वेग दुप्पट झाला की हा ओढा चौपट होतो. म्हणूनच ४० च्या वेगाला तो जाणवत नाही. डिचोली व सत्तरी भागातील लाल चिखल रिमच्या आतील अंगास चिकटून वाळला, तर एवढे वजन सहज भरते. तेव्हा गॅरेज गाठण्यापूर्वी चाके आतील बाजूने स्वच्छ धुऊन पाहावीत. या बिनखर्ची उपायाने पुष्कळांचे काम भागते. न भागल्यास यंत्रावर चाकांचा तोल साधून घ्यावा, म्हणजेच बॅलन्सिंग करावे. पूर्वी रिमला लावलेला वजनाचा तुकडा गळून पडला असण्याचाही संभव असतो.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट ठरेल. थरथर आली की ‘अलाइनमेंट करून द्या’ असे सांगण्याची रीत आहे. अलाइनमेंट बिघडल्यास गाडी एका बाजूस ओढते व टायर असमान झिजतात. थरथर तिच्यामुळे सहसा येत नाही. स्टिअरिंगऐवजी आसन हादरत असेल तर मागील चाके तपासावीत.

ब्रेक दाबतानाच थरथर येत असेल तर दोष पुढील ब्रेकच्या चकत्यांत शोधावा. साखळीहून केरीमार्गे बेळगावास जाणारे लोक परतताना चोर्ला घाट उतरतात. लांब उतारावर पाय सतत ब्रेकवर ठेवला तर चकत्या अतिशय तापतात आणि त्यांचा पृष्ठभाग असमान होतो. घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा, म्हणजे इंजिनच गाडीस आवरते. बिघडलेली चकती पुरेशी जाड असल्यास तिचा पृष्ठभाग सारखा करून घेता येतो. एरवी दोन्ही बाजूंच्या चकत्या व पॅड एकदमच बदलावेत.

खड्ड्यात चाक आपटल्यानंतर थरथर सुरू झाली असेल तर रिम वाकला आहे काय, टायरच्या बाजूस फुगवटा आला आहे काय, हे पाहावे. फुगवटा म्हणजे आतील दोर तुटल्याचे चिन्ह. असा टायर चालत्या गाडीत केव्हाही फुटू शकतो. त्याला ठिगळ नाही, स्टेपनी लावून तो बदलावाच. घरधनी बोटीवर वा परदेशी असल्याने महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या मोटारीचे टायर मात्र तळाशी चपटे होतात. त्यांत योग्य हवा भरून गाडी काही किलोमीटर चालविली की थरथर बहुधा आपोआप जाते.

एवढ्यानेही उलगडा न झाल्यास सपाट जागी, मागील चाकांस अडण लावून, पुढील चाक जॅकने उचलावे व हातांनी हलवून पाहावे. वर-खाली धरून हलविल्यास चाक डुलत असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट झिजला आहे. डाव्या-उजव्या बाजूस धरून डुलत असेल तर टाय रॉडचा सांधा ढिला आहे. जॅकवरील गाडीखाली कधीही शिरू नये. हे भाग निकामी झाल्यास चाकावरील ताबा सुटतो, म्हणून त्यांची दुरुस्ती जाणत्या कारागिराकडून विनाविलंब करून घ्यावी. टाय रॉड बदलल्यावर मात्र अलाइनमेंट करणे अवश्य आहे.

नुकतेच चाक बदलले असून लगेच थरथर आली, तर गाडी तेथेच थांबवावी आणि नट पाहावेत. ते एकापाठोपाठ एक न आवळता समोरासमोरचे आवळावेत आणि पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा पाना लावून पाहावा.