उशीवरची लेस आणि तिच्या सोबतिणी

आपल्याकडे लेस म्हटलं की परकराला, फ्रॉकला लावायची तयार पट्टी डोळ्यांसमोर येते, नाहीतर रुखवतात मांडलेले क्रोशाचे रुमाल. या लेखातली लेस वेगळी. तिला सुई लागत नाही, क्रोशाची आकडीही लागत नाही. घट्ट भरलेली उशी, टाचण्या आणि दोरा गुंडाळलेल्या बारीक लाकडी कांड्या, एवढ्यावर ती होते. झुरिकमध्ये १५६१ च्या सुमारास छापलेल्या नमुन्यांच्या पुस्तकात लेखिकेनं लिहून ठेवलं आहे, की ही कला १५३६ मध्ये व्हेनिसकडच्या व्यापाऱ्यांबरोबर तिथे आली. पुढे ती युरोपभर पसरली. विसाव्या शतकाच्या मध्यावर मात्र इंग्लंडमध्ये ती येणारे हात थोडेच उरले होते. १९७० नंतर तिथे ती पुन्हा उभी राहिली, आणि त्यात पुस्तकांइतकाच वाटा एकमेकींना शोधून काढणाऱ्या बायकांचा होता.

उशीवर काय चालतं

आधी नक्षी जाड कागदावर टिंबाटिंबांनी उतरवतात. टिंबांवर भोकं पाडतात आणि हा खाका उशीवर टाचून बसवतात. पूर्वी कागदाऐवजी चामड्याचा पातळ पापुद्रा वापरत. कांड्या नेहमी जोडीनं असतात, कारण एकाच दोऱ्याची दोन टोकं दोन कांड्यांवर गुंडाळलेली असतात.

दोन जोड्या, म्हणजे चार दोरे, समोर घेतले की हालचाली दोनच. पहिली अदलाबदल: मधल्या दोन दोऱ्यांपैकी डावा उजव्यावरून न्यायचा. दुसरी पीळ: प्रत्येक जोडीत उजवा दोरा डाव्यावरून न्यायचा. अदलाबदल, पीळ, अदलाबदल असं केलं की कापडासारखी भरीव वीण येते. शेवटची अदलाबदल गाळली की तिरक्या धाग्यांची हलकी जाळी होते. ठरलेल्या भोकात टाचणी खोचायची आणि तिच्याभोवती दोरे वळवून पुढे जायचं. फुलं, पानं, षट्कोनी जाळी, राणीच्या झग्याची किनार, सगळं या दोनच हालचालींतून निघतं.

मग अवघड काय आहे? ताण. दोरा किती ओढायचा हे पुस्तकात सांगता येत नाही. कमी ओढला तर वीण लोंबते, जास्त ओढला तर टाचणी वाकते आणि कड आत खेचली जाते. शिवाय एक पीळ चुकला तर तो तिथल्या तिथे दिसत नाही, चार ओळी पुढे गेल्यावर नक्षी तिरकी पडू लागते. शेजारी जाणती बाई बसलेली असेल तर ती हात थांबवते. एकटीनं शिकणारीला मागे उलगडत जावं लागतं, आणि शेकडो टाचण्यांच्या रानात ते फार जिवावर येतं.

इंग्लंडच्या मध्य भागातल्या कांडीच्या टोकाला तारेत ओवलेले काचमणी असतात. त्यांच्या वजनानं दोरा ताणलेला राहतो आणि कांडी उशीवर गडगडत नाही. डेव्हनमधल्या हॉनिटन लेसच्या कांड्या मात्र बिनमण्यांच्या आणि टोकाशी निमुळत्या, कारण तिथे तुकडे जोडताना कांडी फासातून ओवून काढावी लागते. अशा गोष्टी वाचून कळतात, पण हातात बसायला कुणाचं तरी बघावंच लागतं.

शाळा होत्या तेव्हा

एकोणिसाव्या शतकात बेडफर्डशायर, बकिंगहॅमशायर आणि नॉर्थॅम्प्टनशायरच्या खेड्यांत लेसच्या शाळा होत्या. पाच-सहा वर्षांच्या मुली तिथे बसत. ठरलेल्या टाचण्या पुऱ्या झाल्याच पाहिजेत, म्हणून टाचण्या मोजायची गाणी एका सुरात म्हणत. संध्याकाळी मधोमध एक मेणबत्ती आणि तिच्याभोवती पाण्यानं भरलेले काचेचे गोल चंबू. चंबूतून प्रकाश एकवटून प्रत्येकीच्या उशीवर पडे. शेकोटीच्या काजळीनं लेस काळी पडेल म्हणून उबेसाठी पायाशी निखाऱ्यांचं मातीचं भांडं ठेवत.

या शाळांचं कौतुक करायला माझं मन धजत नाही. ती बालमजुरीच होती. पण तेव्हा कुणाला सोबतीण शोधावी लागत नव्हती, हेही खरं. गल्लीत घरोघरी उशी होती.

जॉन हीथकोट यांनी १८०८–०९ मध्ये जाळी विणणाऱ्या यंत्रांची पेटंटं घेतली. १८१६ मध्ये संतापलेल्या जमावानं लाफबरोतल्या त्यांच्या कारखान्यातली यंत्रं फोडली, तरी यंत्र थांबलं नाही. पुढे नक्षीदार लेसही यंत्रावर होऊ लागली. १८७० च्या शिक्षण कायद्यानंतर मुली खऱ्या शाळेत जाऊ लागल्या आणि लेसच्या शाळा ओस पडल्या. १८९१ मध्ये मिडलँड्समध्ये आणि १८९७ मध्ये उत्तर बकिंगहॅमशायरमध्ये हा व्यवसाय सावरण्यासाठी संस्था निघाल्या. त्यांनी बरंच सांभाळलं, पण पोटाचा धंदा म्हणून लेस गेलीच.

सोबतीण कशी सापडायची

वाचून शिकायला पुस्तकं होती. मार्गारेट मेडमेंट यांचं जाडजूड मार्गदर्शक पुस्तक १९३१ चं. डोरीन राइट यांचं १९६९ मध्ये आलं, पामेला नॉटिंगहॅम यांचं १९७६ मध्ये. त्याच वर्षी ‘लेस गिल्ड’ ही लेस करणाऱ्यांची संघटना स्थापन झाली. स्टूरब्रिजमधल्या ‘द हॉलीज’ या घरात तिचं कार्यालय आणि संग्रहालय उभं राहिलं.

नव्यानं शिकू पाहणारीला पहिला आधार असे तो प्रौढांसाठीच्या संध्याकाळच्या वर्गांचा, किंवा गावातल्या महिला मंडळाचा. जत्रेत किंवा संग्रहालयात एखादी बाई उशी मांडून प्रात्यक्षिक दाखवत असली की बघणाऱ्यांतली एखादी रेंगाळायची, पत्ता मागायची. शिकवणारी बऱ्याचदा शिकणारीपेक्षा थोडीच पुढे असे. मला या चळवळीत हेच सगळ्यात मोलाचं वाटतं: पूर्ण येईपर्यंत कुणी थांबलं नाही, जेवढं आलं तेवढं लगेच पुढे दिलं.

सामान मिळणं हा वेगळाच खटाटोप. जुन्या कांड्या पुराणवस्तूंच्या दुकानांत शोधाव्या लागत. मग लाकूडकाम जाणणारे लोक लेथवर नव्या कांड्या करू लागले. हळूहळू ‘लेस डे’ भरू लागले. एखाद्या सभागृहात दिवसभर सगळ्या आपापली उशी घेऊन बसणार, शेजारणीचं काम बघणार, कडेला दोरे, टाचण्या आणि कांड्यांची दुकानं. उरलेल्या दिवसांत दुवा म्हणजे टपालानं येणारं नियतकालिक आणि पत्रं.

अमेरिकेत ‘इंटरनॅशनल ओल्ड लेसर्स’ ही संस्था १९५३ पासून होती. १९८२ मध्ये ‘ओइड्फा’ ही आंतरराष्ट्रीय संस्था निघाली आणि दर दोन वर्षांनी वेगवेगळ्या देशांत तिची अधिवेशनं भरू लागली. भाषा येत नसली तरी खाका सगळ्यांना वाचता येतो, त्यामुळे तिथे फार अडत नाही.

जिथे खंड पडला नाही

स्लोव्हेनियातलं इद्रिया हे एकेकाळचं पाऱ्याच्या खाणीचं गाव. खाणकामगारांच्या घरच्या बायका लेस करून संसाराला हातभार लावत. १८७६ मध्ये तिथे लेसची शाळा सुरू झाली आणि ती आजही चालू आहे. मुलं नेहमीच्या शाळेबरोबर तिथे जातात. २०१८ मध्ये स्लोव्हेनियातल्या या लेसकलेला युनेस्कोनं अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. इंग्लंडमध्ये जे पत्ते शोधून पुन्हा जुळवावं लागलं, ते इथे मुळात तुटलंच नव्हतं.

भारतात

कांड्यांची लेस आपल्या देशातही आली. आजच्या कन्याकुमारी जिल्ह्यातल्या नागरकोइलमध्ये मार्था मॉल्ट या मिशनरी बाईंनी १८२० च्या सुमारास मुलींच्या शाळेत ती शिकवायला सुरुवात केली. त्यातल्या काही मुलींनी लेसच्या कमाईतून गुलामगिरीतून स्वतःची सुटका करून घेतली. आंध्रातल्या नरसापूरची लेस मात्र क्रोशाची. तिथल्या बायका निर्यातीचा माल विणत असूनही त्यांची गणना ‘घरी बसणाऱ्या’ बायकांत होई, हे मारिया मीस यांनी १९८२ च्या पुस्तकात दाखवून दिलं.

सुरुवात करायची तर

तोर्शाँ हा प्रकार घ्यावा. त्याची नक्षी भौमितिक असते आणि खाका साध्या आलेखाच्या कागदावर काढता येतो. सात-आठ जोड्यांची अरुंद पट्टी पुरे. दोरा सुती, जरा जाडसर. सगळ्यांत आडवी फिरणारी जोडी रंगीत ठेवावी, बाकीच्या पांढऱ्या. भरीव विणीत ती रंगीत जोडी काठापासून काठापर्यंत जायला हवी. मध्येच रंग उभा उतरू लागला की नेमकी तिथेच अदलाबदल चुकली आहे असं समजावं, आणि तिथपर्यंतच उलगडावं.