आपली बोली, आपला पडदा

एखादा चित्रपट तीन तासांचा असूनही कधी संपला ते कळत नाही आणि एखाद्याला मध्यंतराआधीच जांभया येतात. असे का होते? सामान्य प्रेक्षकाला तंत्र कळत नसेल, पण कंटाळा अचूक कळतो!

रायपूरच्या प्रेक्षकांनी २००० साली याचे एक उत्तर दिले. १ नोव्हेंबरला छत्तीसगड राज्य जन्माला आले. त्याच्या काही दिवस आधी सतीश जैन यांचा ‘मोर छइंहा भुइंया’ हा छत्तीसगढी चित्रपट झळकला. त्यात मुंबईचे बडे तारे नव्हते. तरीही बाबूलाल टॉकीजवर गर्दी लोटली, खेड्यापाड्यांतून लोक आले. घरात बोलतो ती बोली पडद्यावरून ऐकू येत होती ना!

हा योग फार वर्षांनी आला होता. मनु नायक यांनी १९६५ मध्येच ‘कहि देबे संदेस’ हा पहिला छत्तीसगढी चित्रपट काढला. जातिभेदाच्या आड येणाऱ्या प्रेमाची ती कथा. काही गाणी महंमद रफींच्या आवाजात. १९७१ मध्ये ‘घर द्वार’ आला आणि पुढे जवळजवळ तीस वर्षे आपली बोली ऐकायला रसिक ताटकळले. आपल्याकडे २०१६ मध्ये ‘सैराट’ची करमाळ्याकडची बोली ऐकून प्रेक्षक असेच सुखावले होते.

मात्र नुसती बोली पुरत नाही. २००० च्या त्या यशानंतर छत्तीसगढी चित्रपटांची रांग लागली. त्यांतले अनेक कोसळले. बोली आपली, पण माणसे उसनी असली, की जांभई आलीच!