पाठीखालची थंडी

हिवाळी ट्रेकला निघताना आपण स्लीपिंग बॅगेवर सढळ हातानं खर्च करतो आणि खाली अंथरायला मात्र मिळेल ते उचलतो. हे उलटं आहे. बॅगेतली पिसं किंवा धागे ऊब धरतात ते त्यांच्यात अडकलेल्या हवेमुळे. अंगाखाली ती दबली की हवा गेली, ऊबही गेली. म्हणजे पाठीखालचं काम पॅडनंच करायचं. घोंगडीवर झोपणाऱ्या धनगराला हे सांगावं लागत नाही!

आता पॅडवर 'आर-व्हॅल्यू' नावाचा आकडा असतो. उष्णता आरपार जायला पॅड किती अडवतो, त्याचं हे माप. पूर्वी कंपन्या आपापल्या पद्धतीनं मोजायच्या, त्यामुळे तुलना करायची कशी? 2018 साली अमेरिकेत एएसटीएम एफ 3340 हे मानक आलं. एक गरम आणि एक थंड पत्रा, मध्ये पॅड, आणि उष्णता किती निसटते ते मोजायचं. आपल्या पॅडचा आकडा याच चाचणीचा आहे ना, हे आधी बघावं. सह्याद्रीत हिवाळ्याला 2 च्या आसपास चालतं. डिसेंबरात केदारकंठ्याला बर्फावर झोपायचं तर 5 च्या खाली उतरू नये, असं आमचं मत.

पण हा आकडा कशाविषयी बोलतो? धड असलेल्या पॅडविषयी. प्रयोगशाळेतला पत्रा कूस बदलत नाही, आणि तिथं करवंदीचे काटेही नसतात. हवा भरायचा 5 चा पॅड पंक्चर झाला की त्यात फारसं काही उरत नाही. जाड फोमची घडीची मॅट जेमतेम 2 ची, पण काटा घुसला तरी 2 चीच राहते. (बाजारातल्या पातळ कॅरीमॅटला मात्र 2 धरू नका.) मग भरवशाचा कोणता म्हणायचा? आपण ऊब आणि भरवसा एकच समजतो, तिथं गोंधळ होतो.

आमचं उत्तर सोपं आहे, दोन्ही न्या. आर-व्हॅल्यूची बेरीज होते. खाली 2 चा फोम, वर 3 चा हवेचा पॅड, झाले 5. पाठीवर साधारण 400 ग्रॅम वाढतील, कुरकुर होईल. पण मध्यरात्री वरचा बसला तरी खाली 2 शिल्लक आहेत. झोप लागणार नाही कदाचित, रात्र निभावेल.

हवा तोंडानं भरू नका, श्वासातली वाफ आत साठते. पंपाची पिशवी वापरा. संध्याकाळी भरलेला पॅड रात्री मऊ लागला तर लगेच घाबरायचं नाही, हवा गार होऊन आक्रसते; झोपण्याआधी थोडी भरावी. आणि नवा पॅड थेट डोंगरावर उघडू नये. घरी फरशीवर दोन रात्री त्यावर झोपा. सकाळी बसलेला दिसला तर व्हॉल्व्हला आणि शिवणींना साबणाचं पाणी लावा, बुडबुडे कुठं येतात ते बघा, आणि पावती हरवण्याआधी दुकानात जा.