स्टीव्ह नावाचा जांभळा पट्टा

2016 साली कॅनडातल्या कॅलगरी शहरात, एका पबमध्ये एक भौतिकशास्त्रज्ञ आणि काही हौशी छायाचित्रकार गप्पा मारत बसले होते. एरिक डोनोव्हन हे कॅलगरी विद्यापीठातले प्राध्यापक. ध्रुवीय प्रकाश, म्हणजेच अरोरा, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. समोरची मंडळी होती ‘आल्बर्टा अरोरा चेसर्स’ या फेसबुक गटातली. त्यांनी एक फोटो दाखवला. पूर्वेकडून पश्चिमेकडे अख्ख्या आकाशावर ताणलेला एक अरुंद जांभळट पट्टा. ‘हा प्रोटॉन आर्क,’ असं त्यांनी सांगितलं. गटात सगळे त्याला तेच म्हणत. डोनोव्हन म्हणाले, शक्यच नाही, प्रोटॉनमुळे होणारा प्रकाश इतका अंधूक असतो की नुसत्या डोळ्यांना तो असा दिसणारच नाही. मग हे आहे तरी काय? याचं उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं.

गटातल्या लोकांना याचं फारसं आश्चर्य वाटलं नसावं. हा पट्टा त्यांच्या चांगला ओळखीचा होता आणि त्याचे कितीतरी फोटो त्यांनी जमवले होते. फक्त नाव चुकलं होतं. मग गटाचे प्रवर्तक ख्रिस रॅट्झलाफ यांनी सुचवलं की खरं काय ते कळेपर्यंत याला ‘स्टीव्ह’ म्हणू या. ‘ओव्हर द हेज’ या 2006 सालच्या कार्टूनपटातून हे नाव आलं. त्यातल्या प्राण्यांसमोर अचानक एक भलंमोठं कुंपण उभं राहतं. ते काय आहे हे कुणालाच कळत नाही, म्हणून भीती कमी व्हावी यासाठी ते त्याचं नाव स्टीव्ह ठेवतात. मला ही गोष्ट फार आवडते. एखाद्या समितीने या पट्ट्याला आकडे आणि आद्याक्षरं चिकटवली असती. गटाने त्याचं बारसं केलं.

पण अरोरा बघायला गट लागतोच कशाला? मान वर केली की झालं! तिथेच तर गंमत आहे. ज्याच्यामुळे अरोरा उजळतो तो सूर्याकडून येणारा विद्युतभारित कणांचा झोत पृथ्वीपासून सुमारे 15 लाख किलोमीटरवर असलेल्या उपग्रहांना आधी कळतो. तिथून तो आपल्यापर्यंत यायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. पक्की सूचना मिळते ती एवढीच आधी. त्यातही झोताबरोबर येणारं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे झुकलं तरच पृथ्वीच्या चुंबकीय कवचाचं दार नीट उघडतं. पुढचा भरवसा ढगांवर. वर्तमानपत्र किंवा टीव्ही एवढ्या घाईत काय सांगणार? तेव्हा आधीच गावाबाहेरच्या अंधाऱ्या रस्त्यावर, थंडीत गाडी लावून बसलेल्या माणसाने ‘इथे सुरू झालंय’ असं टाकायचं आणि शंभर किलोमीटरवरच्या दुसऱ्याने अंथरुणातून उठून बूट चढवायचे. एरवी ज्यांची कधी गाठही पडली नसती ती माणसं मध्यरात्री एकमेकांच्या शब्दावर घराबाहेर पडतात. आपलेपणा इथे आधी उपयोगातून येतो, गोडवा नंतर.

आणि या उपयोगातूनच स्टीव्हचा छडा लागला. फोटो नुसता सुंदर असून भागत नाही. कुठून काढला, किती वाजता, कुठल्या दिशेला, हे कळलं की त्याचं मोजमाप होऊ शकतं. डोनोव्हन आणि नासाच्या एलिझाबेथ मॅकडोनाल्ड यांनी या नोंदी युरोपीय अवकाश संस्थेच्या ‘स्वार्म’ उपग्रहांच्या मार्गाशी ताडून पाहिल्या. एक उपग्रह बरोबर स्टीव्हमधून गेल्याचं सापडलं. पट्टा ओलांडताना तापमान सुमारे 3000 अंश सेल्सिअसने उसळलं होतं. 25 किलोमीटर रुंदीचा तप्त वायूचा प्रवाह सेकंदाला सुमारे 6 किलोमीटर वेगाने पश्चिमेकडे धावत होता. त्याच्या दोन्ही बाजूंना मात्र हाच वेग सेकंदाला जेमतेम 10 मीटर. त्या प्रवाहात मुंबईहून पुण्याला पोचायला पंचवीस सेकंद पुरतील.

खरी चक्रावून टाकणारी गोष्ट पुढेच आहे. आयनांचे असे वेगवान प्रवाह शास्त्रज्ञांना 1970च्या दशकापासून उपग्रहांमुळे माहीत होते. ते डोळ्यांना दिसू शकतात, हे मात्र कुणाच्या मनात आलं नव्हतं. छायाचित्रकारांना दिसत होतं, पण त्यामागे प्रवाह आहे हे ठाऊक नव्हतं. दोन्ही मंडळी चार दशकांचं अंतर राखून एकाच वस्तूभोवती फिरत होती. त्यातही शास्त्रज्ञांचं लक्ष जास्त करून उत्तरेला, जिथे अरोरा जोरात नाचतो तिकडे. स्टीव्ह त्याच्या दक्षिणेला उगवतो, म्हणजे माणसं राहतात त्या बाजूला. मार्च 2018 मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये शोधनिबंध आला तेव्हा लेखकांच्या यादीत गटातले हौशी सदस्यही होते. स्टीव्ह हे नावही टिकलं. शास्त्रज्ञांनी त्याच्या इंग्रजी अक्षरांत बसेल असं लांबलचक तांत्रिक नाव मागाहून तयार केलं.

हा योगायोग असता तर सोडून देता आला असता. पण पाठोपाठ फिनलंडमध्येही तेच घडलं. हेलसिंकी विद्यापीठातल्या प्राध्यापक मिन्ना पाल्मरोथ अरोरा निरखणाऱ्यांच्या एका फेसबुक गटात होत्या. लोकांच्या शंका सोडवता सोडवता गटातल्या हजारो फोटोंची प्रकारवार वर्गवारी झाली आणि त्यातून एक मार्गदर्शक पुस्तक तयार झालं. एक आकृती मात्र कुठल्याच प्रकारात बसेना. वाळूच्या टेकड्यांसारख्या समांतर हिरव्या लाटा. 7 ऑक्टोबर 2018 च्या रात्री त्या पुन्हा दिसल्या आणि फिनलंडमधल्या लाइतिला आणि रुओवेसी या दोन ठिकाणांहून एकाच वेळी टिपल्या गेल्या. फोटोत मागे तारे होते. ताऱ्यांची जागा पक्की ठरलेली असते, त्यामुळे दोन कोनांवरून उंची काढता आली: सुमारे 100 किलोमीटर. दोन लाटांमधलं अंतर 45 किलोमीटर. वातावरणाचा हा थर अभ्यासायला महाकठीण. फुगे तिथवर चढत नाहीत आणि उपग्रह तेवढ्या खाली फिरू शकत नाहीत. तिथे काय चाललंय हे हौशी लोकांच्या कॅमेऱ्यांनी दाखवलं.

असे गट म्हणजे स्वर्ग नव्हे. ‘माझा फोटो बघा’ची चढाओढ तिथेही चालते, रंग नको तितके भडक केलेले असतात. आपल्याकडच्या ‘शुभ सकाळ’च्या फुलांना कंटाळलेल्या वाचकाने तिकडे फार हेवा वाटून घेऊ नये. फरक इतकाच की तिथे एक अरुंद, हट्टी विषय आहे. गट जितका नेमका, तितकी नवख्याच्या बारीकशा निरीक्षणालाही किंमत, असं मला वाटतं. दहा हजार विषयांच्या गटात जांभळा पट्टा दहा मिनिटांत वाहून गेला असता.

आपल्यालाही हे आकाश अगदीच परकं नाही. 10 आणि 11 मे 2024 च्या मोठ्या सौरवादळात लडाखमधल्या हानलेच्या आकाशात लाल अरोरा कॅमेऱ्यांनी टिपला. 

स्टीव्हचं कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही. त्याच्या खाली कधीकधी हिरव्या उभ्या दांड्यांची रांग दिसते, तिला सगळे ‘पिकेट फेन्स’ म्हणतात. ती नेमकी कशामुळे उजळते, यावर वाद चालू आहे. 2023 मध्ये बर्कली विद्यापीठातल्या संशोधक क्लेअर गास्क यांनी तिथल्या विद्युत क्षेत्रांवर बोट ठेवलं आणि खात्री करण्यासाठी अरोरात अग्निबाण सोडावा असं सुचवलं. तोवर मॅकडोनाल्ड यांनी सुरू केलेल्या ‘अरोरासॉरस’ या उपक्रमात लोकांच्या नोंदी जमा होतच आहेत. तिथे अरोरा दिसला ही नोंद घेतात, तशीच दिसला नाही ही नोंदही घेतात, कारण अरोरा कुठपर्यंत पोचला नाही हे कळल्याशिवाय त्याची हद्द आखता येत नाही.