कोल्हापूरचा पूल दिल्लीत अडला!

मुलांनो, कोल्हापूरहून पन्हाळ्याला जाताना पंचगंगेवरचा शिवाजी पूल लागतो. इंग्रजांच्या काळातला, दगडी, किती पूर झेललेला! तो म्हातारा झाला, म्हणून शेजारी नवा पूल बांधायला घेतला. पण काम अर्ध्यावरच थांबलं. सिमेंट संपलं? छे! आडवा आला एक कायदा.

जवळच ब्रह्मपुरीची टेकडी आहे. तिथं दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या खुणा सापडल्या. टाउन हॉल म्युझियममधली पोसायडन या सागरदेवाची छोटीशी मूर्ती तिथलीच. अशा संरक्षित जागेपासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करायचं नाही, असं २०१० पासून कायदा सांगतो.

मग कायदाच बदलायचं ठरलं. केंद्र सरकारच्या सार्वजनिक कामांना सूट देणारं विधेयक २ जानेवारी २०१८ ला लोकसभेत मंजूर झालं. पण विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर व्हावं लागतं. लोकसभा एकदम निवडली जाते. राज्यसभेचे बहुतेक खासदार राज्यांतले आमदार निवडतात आणि दर दोन वर्षांनी एक-तृतीयांश बदलतात. त्यामुळे कधीकधी इथं एकाचं पारडं जड, तर तिथं दुसऱ्याचं! तेव्हा तसंच होतं. लोकसभेत सरकारचं बहुमत होतं, राज्यसभेत नव्हतं.

विरोधकांची हरकत पोरकट नव्हती. अशा सवलतीनं देशभरातल्या जुन्या वास्तू धोक्यात येतील, असं त्यांचं म्हणणं. जुलै २०१८ मध्ये विधेयक प्रवर समितीकडे गेलं. २०१९ मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि ते बाद झालं.

अशी कोंडी फोडायला घटनेत संयुक्त बैठकीची सोय आहे. पण विधेयकासाठी अशी बैठक आजवर तीनदाच झाली : १९६१, १९७८ आणि २००२ मध्ये.

दरम्यान, २६ जानेवारी २०१८ च्या रात्री जुन्या पुलाचा कठडा तोडून एक मिनीबस नदीत कोसळली. १३ जण गेले. नवा पूल असता तर हे टळलंच असतं, असं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही. पण ती हुरहूर कोल्हापूरकरांच्या मनातून जात नाही. आंदोलनं झाली, दुसरी वाट काढावी लागली आणि २०१९ मध्ये नवा पूल वाहतुकीला खुला झाला.

दोन सभागृहं म्हणजे गाडीचा ब्रेक. ब्रेक नसेल तर गाडी दरीत जाईल, आणि सुटलाच नाही तर जागची हलणार नाही. तुम्ही खासदार असता, तर टेकडीही राखून पूल कसा पुरा केला असता? आज जेवताना आई-बाबांनाही विचारा बरं!